विकत घेतलेलं दुखणं

दिग्रस–यवतमाळ फेरीवर कोकिळा गावंडे कंडक्टर असली की दारात लोंबकळणारी पोरं न सांगता आत सरकायची. तिचा आवाजच तसा होता. "सरका बाप्पा, सरका! मंधात अख्खं वावर खाली पडलं हाय," असं ती ओरडली की माणसं हसत हसत जागा करून द्यायची. पिऊन चढलेल्याला ती दारव्ह्याच्या आधीच्याच थांब्यावर उतरवायची आणि त्याच थांब्यावर चढणाऱ्या म्हातारीचं बोचकं स्वतः उचलून आत घ्यायची. पंचेचाळिशीला टेकलेली, उंच, हाडापेराने दणकट. अंगावर खाकी, खांद्यावरून तिरपी कातड्याची पिशवी. कोकिळाबाई कोणाला भीत असेल असं आगारात कोणाला वाटत नसे.

पण रोज सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी आरशासमोर तिचा जो कारभार चालायचा, तो कोणाला ठाऊक नव्हता. दुकानात मिळणाऱ्या, बॉडीत घालायच्या फोमच्या वाट्या, त्यांच्याखाली घडी घातलेले रुमाल आणि हे सगळं जागेवर राहावं म्हणून आतून लावलेल्या पिना. उन्हाळ्यात त्या फोमाखाली घाम साचायचा, कातडी सोलवटायची. घरी आल्यावर पावडर लावून ती पंख्याखाली बसायची, तेव्हा कुठे जीव थंड व्हायचा.

शाळेत पोरींनी तिचं नाव 'पाटी' ठेवलं होतं. पुढे भरेल, लग्न झाल्यावर भरेल, असं आई म्हणायची. लग्न झालं, उमरखेडला. पहिल्याच आठवड्यात नवरा माजघरातल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पोरगी आणली का पोरगा आणला?" घरात हशा पिकला. एका वाक्यासाठी कोणी नवरा सोडत नाही, कोकिळानेही सोडला नाही. पण त्या माणसाला ते वाक्य रोज नव्याने बोलायची चटक लागली, आणि मग हातही उठायला लागला. एका सकाळी ती उमरखेडच्या स्टँडवर येऊन गाडीत बसली, ती परत गेली नाही. भरतीची परीक्षा दिली, कंडक्टर झाली, दिग्रसमध्ये दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आई-बाप आणि भाऊ अमर जवळच्याच गावात शेतीवर होते. सणावाराला ती जायची, हातात काही ना काही घेऊन.

नवरा सुटला, पण आरशातली ती जागा तशीच राहिली. कोणा बाप्याला दाखवायचं म्हणून तिला काही नको होतं. बाप्यांचा तिला पुरेसा अनुभव आला होता. तिला स्वतःलाच न्हाताना खाली बघावंसं वाटायचं नाही. हे कोणाला सांगावं तर हसू होणार, म्हणून ती सांगत नव्हती.

मग एका मे महिन्यात, भर दुपारी, लग्नसराईच्या गर्दीत ती मागून पुढे तिकिटं फाडत येत होती. कोणाच्या तरी कोपराचा धक्का लागला, पिन सुटली आणि फोमची एक वाटी खाकीतून घसरून खाली पडली. एका बाईने ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि भाबडेपणाने मोठ्यांदा विचारलं, "मॅडम, हे तुमचं काय पडलं?"

मागच्या सीटवरून एक खोकल्यासारखं हसू आलं आणि मग सगळी गाडीच हसली. कोकिळाने हात पुढे केला, वाटी घेतली, पिशवीत टाकली आणि पिशवीचं बटन लावलं.

"कोणाचं तिकीट राह्यलं?" ती म्हणाली.

यवतमाळला गाडी लागली तेव्हा ड्रायव्हर प्रेमसिंग चहाला चला म्हणाला. ती गेली नाही. स्टँडच्या बाकावर बसून तिने मोबाईल काढला आणि कितीतरी महिन्यांपासून जपून ठेवलेला नागपूरच्या एका दवाखान्याचा नंबर लावला. त्या हसण्याने निर्णय झाला असं कोणी समजू नये. निर्णय कधीचाच झाला होता, त्या हसण्याने फक्त थांबणं संपलं.

नागपूरची डॉक्टर बाई होती, कोकिळाहून वयाने लहान. तिने तपासलं आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, "घरून कोणी आग्रह धरलाय का? नवरा?"

"नवरा होता. आता नाही."

"मग कशासाठी करायचंय?"

"मले पाह्यजे."

डॉक्टरने पेन पुन्हा उचललं. मग तिने काही न लपवता सांगितलं. छातीत बसवायचं ते जन्मभर टिकेलच असं नाही, पुढे कधी बदलावं लागेल. काही जागी स्पर्श कमी होईल, कदाचित कायमचा. आणि दुखेल. "स्नायूखाली बसवणार आहे, म्हणून जरा जास्तच दुखेल. पहिले काही दिवस छाती आवळून धरल्यासारखी वाटेल. गोळ्या देईन. दुखायला लागल्यावर घेईन म्हणू नका. दुखणं पुढे पळालं की गोळीला ते गाठायला फार वेळ लागतो. गोळी पुढे, दुखणं मागे. असं ठेवायचं."

गाडी वेळेवर सोडायची असते, हे कंडक्टरला वेगळं सांगावं लागत नाही. तिने मान हलवली.

साठवलेली रजा तिने टाकली, स्वतःची जमा काढली आणि फक्त आईला सांगितलं, तेही निघायच्या आदल्या दिवशी. आईने आधी कपाळाला हात लावला, मग रडली, मग पातळं पिशवीत भरली. "एकटी कशी जाशीन?" एवढंच म्हणाली.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आली तेव्हा कोकिळाला वाटलं, कापसाच्या जिनिंगमधली दाबलेली रुईची अख्खी गाठ कोणी आपल्या छातीवर आणून ठेवली आहे. श्वास अर्ध्यात अडत होता. हात खांद्यापासून हलत नव्हते. दिपाली नावाच्या सिस्टरने पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली, सलाइनमधून औषध सोडलं, आणि हळूहळू ती गाठ कोणीतरी दोन्ही हातांनी थोडी उचलून धरल्यासारखं झालं. सिस्टरने निघताना गोळ्यांची पाकिटं आईच्या हातात दिली. ही साधी, ठरल्या वेळेला घ्यायचीच. ही कडक, थोडेच दिवस, मग बंद. ही पोट साफ राहावं म्हणून. ओझं उचलायचं नाही, हात डोक्यावर न्यायचे नाहीत, कुशीवर झोपायचं नाही. आणि एकच बाजू एकदम सुजली, लाल झाली किंवा ताप आला, तर लगेच फोन.

भाड्याच्या गाडीत, यवतमाळच्या अलीकडे कुठेतरी, आईने गोष्ट रचली.

"कोकिळे, कोनी इचारलं तं गाठ होती म्हून सांगू. गाठ होती, काढली, बरी झाली. संपलं."

कडक गोळीने कोकिळाचे डोळे मिटत होते. खड्ड्यागणिक छातीत कळ जात होती. ती काही बोलली नाही. आईने ते हो धरलं.

त्यानंतरचे दिवस कोकिळा पुढे कधी आठवायची तेव्हा तिला हसू यायचं आणि रागही यायचा. तिच्या दोन खोल्यांत एवढी माया कधी आली नव्हती. शहाळी आली, मोसंबी आली. अमर गावाहून आला आणि दारातच डोळे पुसायला लागला. "ताई, मले सांगतलं काहून नाही? गाठ म्हंजे का साधी गोष्ट हाय?" त्याची बायको प्रेरणा मऊ भात करून घालायची. आई गजर लावून उठायची आणि गोळी पाण्यासकट तोंडाशी धरायची. "घे माय, दुखणं काय कमी हाय का?" गोळ्यांनी पोट दगडासारखं झालं, तर अर्ध्या गल्लीने उपाय सांगितले. कोणी एरंडेल आणलं, कोणी अंजीर.

कोकिळा उशांच्या उतरंडीला टेकून पडून असायची आणि मनात म्हणायची, चाललं तर चालू दे. खोटं आईचं आहे, माझं नाही.

मग एका दुपारी रत्नप्रभाताई आल्या. समोरच्याच घरातल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, तहसील कचेरीत नोकरी केलेल्या, एकदम शुद्ध बोलणाऱ्या आणि सहसा कोणाच्या घरी पायरी न चढणाऱ्या. त्यांनी आईला चहा ठेवायला आत पाठवलं, खुर्ची पलंगाशी ओढली आणि आवाज खाली आणला.

"कोकिळा, तुझी गाठ हाताला कशी लागायची? दुखायची का?"

"काहून, ताई?"

रत्नप्रभाताईंनी पदर सारखा केला. "मलाही आहे. दिवाळीपासून. घरात कोणाला बोलले नाही. तुझी काढली आणि काही निघालं नाही, असं तुझी आई म्हणाली. मग माझीही तशीच असेल ना? पुसदकडचे एक वैद्य लेप देतात. म्हटलं, उन्हाळा जाऊ दे, लेपानेच बघावं."

आतून कपबशांचा आवाज येत होता. इतके दिवस जे खोटं आईचं होतं, ते आता कोकिळाच्या तोंडाकडे बघत बसलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "मले गाठ नव्हती."

"म्हणजे?"

"गाठ नव्हती. मी छाती मोठी करून आणली. माह्या मनानं. त्याचं दुखणं हाय हे. तुमची गाठ कशी हाय थे मले नाही सांगता येत. थे डॉक्टरच सांगन. उद्याच्या उद्या यवतमाळले जा. लेप-बिप नका लावू."

रत्नप्रभाताईंचा चेहरा कसा बदलत गेला ते कोकिळाने पाहिलं. आधी समजलं नाही, मग समजलं, मग घृणा आली, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी भीती तशीच राहिली.

"आणि मी देवाजवळ तुझ्यासाठी दिवा लावला," त्या म्हणाल्या. चहा न घेताच त्या उठून गेल्या.

दिवेलागणीपर्यंत गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी गावाला कळलं.

शहाळी थांबली. ज्या बाया दारातून हाक मारून जायच्या, त्या समोरून जाताना पावलं हळू करायच्या आणि खिडकीतून आत बघायच्या. पण त्याने कोकिळाचं फार बिघडलं नाही. बिघडलं ते आईमुळे. आईने रागाच्या भरात गोळ्यांची पिशवी स्वयंपाकघरात नेऊन कुठे ठेवली, कळेना. गजर वाजला तो आईने बंद केला.

"आई, गोळी."

"कायची गोळी? शौक केला तं आता सोस. मी तुले अन् अमरले जनलं तवा कोनं गोळी देल्ली होती मले? अन् त्या कडक गोळ्याइची लत लागते म्हन्ते. हळदीचं दूध घे."

कोकिळाने हळदीचं दूध घेतलं. सकाळपर्यंत ती रुईची गाठ परत छातीवर आली होती, आता ओली होऊन आल्यासारखी जड. उठून बसायला गेली तर डोळ्यांपुढे काळं झालं. खोकला आला तर वाटलं टाके उसवले. श्वास ती वरच्यावर, भुरकल्यासारखा घेत होती. एका हाताने फोन ओढून तिने दिपाली सिस्टरला लावला.

"ताप आहे?" सिस्टरने विचारलं. "एकच बाजू जास्त फुगली आहे? लाल झाली? पट्टी ओली झाली?"

"नाही. सारखीच हाय. नुसतं दुखते. श्वास नाही घेता येत."

"गोळ्या घेताय ना वेळेवर?"

कोकिळाने सगळं सांगितलं.

पलीकडे सिस्टरचा सुस्कारा ऐकू आला. "ताई, हे लाड नाहीत. दुखतं म्हणून तुम्ही श्वास वर घेता, तो तसाच राहिला तर छातीत कफ धरेल. चालणं-फिरणं थांबेल. गोळी हा उपचाराचा भाग आहे. साधी आता घ्या, कडक एक घ्या, आणि उद्यापासून कडक कमी करत जाऊ. लत लागण्याइतकी आम्ही दिलेलीच नाही. आणि गावातल्या मेडिकलमधून दुसरी कुठली दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका, काहींनी रक्तस्राव वाढतो. जमेल ना?"

"जमवतो," कोकिळा म्हणाली.

बाहेरच्या खोलीत आवाज होते. अमर आला होता आणि त्याच्यासोबत बाबाही. भगवानराव गावंडे म्हणजे शेती टाकून कधी गाव न सोडणारा माणूस. टोपी गुडघ्यावर ठेवून ते भिंतीकडे बघत बसले होते. अमर आईला सांगत होता, "चाल, तुले घरी घेऊन जातो. गावात तोंड दाखवाले जागा नाही ठेवली इनं."

कोकिळा पलंगावरून उतरली. कोपरं अंगाशी घट्ट धरून, भिंतीचा आधार घेत, ती दारात येऊन उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते. गाऊनच्या आत दवाखान्याची ती आवळ बॉडी. अमरने तिच्याकडे पाहिलं आणि झटकन नजर वळवली.

"आई, माह्या गोळ्या कुठं हायेत?"

आईने तोंड स्वयंपाकघराकडे वळवलं.

"गोळ्या दे माह्या."

"ताई, लाज वाटते का तुले थोडी?" अमर म्हणाला. "दुखणं देवानं देल्लं असतं तं गोष्ट येगळी होती. तू तं इकत घेतलं. मंग आता भोग."

कोकिळाला मोठा श्वास घेता येत नव्हता, म्हणून ती ओरडू शकली नाही. हळू बोलली, तुकड्या-तुकड्यानं, आणि त्यामुळेच कदाचित खोलीतल्या सगळ्यांना ऐकावं लागलं.

"हो, इकत घेतलं. दुखणं इकत घेतलं, तं त्याची गोळी बी इकतच घेतली. तुह्या खिशातून नाही घेतली. अमऱ्या, तू त्या साली दारू पिऊन गाडीवरून पडला. पाय मोडला. दवाखान्यात तुह्यापाशी मी बसली होती. तवा कोनं म्हणलं का तुले, का बा तू तं आपल्या मनानं पडला, मंग आता भोग? मी सिस्टरच्या मागं पळाली तुह्या इंजेक्शनसाठी. तुह्या मोडल्या पायाले दुखत होतं. माह्या बी छातीले दुखते. मांसाले काय समजते, का कायच्यासाठी कापलं म्हून?"

अमरचा चेहरा लाल झाला. "थे येगळं होतं."

"काय येगळं होतं? तू बाप्या हाय, एवढंच." ती थांबली, श्वास गोळा केला. "गाठ होती तवा तू रडला. गाठ नाही म्हणलं तं भोग म्हणते. म्हंजे मी मरत असती तंच मले गोळी भेटली असती. मी मरून नाही राह्यली. मी बरी होऊन राह्यली. बरी होतानी बी दुखते. दे आई, गोळ्या."

आई स्वयंपाकघरात गेली. ज्वारीच्या डब्यातून तिने पिशवी काढून आणली, पण कोकिळाच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. कोकिळाने एका हाताने पाकीट धरलं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने गोळी बाहेर काढली. बाबांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या होता. तोच तिने उचलला. भरलेला तांब्या तिला जड गेला, दंडातून कळ गेली, पण तिने तो खाली ठेवला नाही. सगळ्यांच्या देखत, एकेकाकडे बघत, तिने गोळ्या घेतल्या.

अमर आईला घेऊन गेला. आईने मागे वळून पाहिलं नाही. बाबांनी टोपी घातली आणि ते शेवटी निघाले.

कोकिळा रिकाम्या घरात बसली. गोळीचा असर व्हायला वेळ लागला. मग भूक लागल्यावर स्वयंपाकघरात गेली, तर तिथे एक वेगळंच दिसलं. वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली ओट्यावर मांडलेले होते. तिखट, मीठ, चहा, साखर, एकूण एक. झाकणं सैल करून नुसती टेकवलेली. हात वर न्यायचा नाही, जोर लावायचा नाही, असं सिस्टरने सांगितलेलं आईने लक्षात ठेवलं होतं. रागावलेल्या आईने हे कधी केलं, पिशवी भरता भरता की त्याच्याही आधी, हे कोकिळाला कधी कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. तिथेच ओट्याला टेकून ती रडली. रडतानाही छाती दुखत होती, म्हणून तेही हप्त्याहप्त्यानं.

मग एकटीचं घर तिने चालवलं. दाराची वरची कडी लावणं सोडून दिलं. पाणी लहान गडव्याने भरलं. खुर्चीत उशा रचून तिथेच झोपायची सवय केली. मोबाईलवर गजर लावला, आणि गोळी घेताना खिडकीतून कोणी बघत असलं तर मुद्दाम खिडकीकडे तोंड करून घेतली. कडक गोळ्या सिस्टरच्या सांगण्याप्रमाणे कमी होत होत संपल्या. साध्या चालू राहिल्या. दुखणं बदलत गेलं. आधी आवळणं होतं, मग जळजळ, मग मध्येच वीज चमकल्यासारखी कळ, मग खाज, अशी की भिंतीला घासावंसं वाटे. काही जागा मात्र मुक्या झाल्या, बोट लावलं तरी परक्याच्या अंगाला लावल्यासारख्या.

केस धुणं तेवढं तिला जमेना. प्रेमसिंगने खबर घ्यायला फोन केला, तेव्हा ती तसं सहज बोलून गेली. दुसऱ्या दिवशी त्याची बायको सोनीबाई शिकेकाई घेऊन हजर. तांड्यावरची, मोठ्या आवाजाची बाई. तिने कोकिळाला मोरीत स्टुलावर बसवलं, मान मागे टेकवली आणि पाणी घालता घालता विचारलं, "बाई, एक सांग. हे निबर असते का नरम?"

"काय?"

"अवं, हेच! अख्खं गाव इचारून राह्यलं. कोनी तुले येऊन इचारत नाही, म्हून म्या इचारलं."

कोकिळाला हसू फुटलं. हसण्याने छातीत असे चटके बसले की ती "अवं, हसवू नको, हसवू नको" म्हणत स्टुलावरच वाकली. सोनीबाईने तिला धरलं, आणि दोघी भिजलेल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, एक हसत आणि एक हसू दाबत बसल्या. त्यानंतर सोनीबाई दर आठवड्याला येत राहिली.

रत्नप्रभाताई यवतमाळला गेल्या होत्या, हे कोकिळाला खिडकीतून कळलं. सकाळी ऑटोत बसताना दिसल्या, हातात फाइल. चार दिवसांनी त्यांची कामवाली सांगत आली की गाठ म्हणजे नुसती पाण्याची पिशवी निघाली, डॉक्टरांनी सुईने ओढून काढली, आता दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलं आहे. गाठ साधी निघाली, पण राग काही साधा नव्हता. त्या पुढे वर्षभर कोकिळाशी बोलल्या नाहीत. कोकिळाला त्याचं वाईट वाटलं, पण खरं सांगितल्याचं वाईट वाटलं नाही.

रजा संपली. ओझ्याची पिशवी अजून खांद्यावर घ्यायची नाही, असं नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं, म्हणून काही आठवडे तिला आगारात चौकशीच्या खिडकीवर बसवलं. पहिल्या दिवशी ती फाटकातून आत आली तेव्हा वर्कशॉपमधले हात थांबले. मारोती मेकॅनिक ग्रीस पुसत पुढे आला आणि चार जणांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम, नवीन बॉडी बांधली म्हन्ते!"

मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं.

कोकिळा थांबली. "बांधली ना," ती म्हणाली. "पण इंजिन जुनंच हाय, मारोतीभाऊ. लवकर तापते. जरा दूर उभं राह्य."

या वेळी हशा मोठा होता, पण तो मारोतीवर होता. पुढे टोमणे संपले असं नाही. कोणी मोबाईलवर घाणेरडे विनोद फिरवले, कोणी मागून शीळ घातली. एका शीळवाल्याला तिने सगळ्यांसमोर साहेबांच्या खोलीत नेऊन उभं केलं. आरशासमोरचा कारभार मात्र कायमचा संपला. पिना तिने एका डबीत घालून सोनीबाईला देऊन टाकल्या. उन्हाळ्यात घाम यायचा तो आता साधा घाम होता.

हिवाळ्यात अमरच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका आली नाही. प्रेरणाचा फोन आला, चोरून केल्यासारखा. "ताई, तुमी या. त्याइले मी पाहून घेतो." मग जरा थांबून, "अन् ताई, लय दुखलं का हो?" कोकिळाने तिला सगळं सांगितलं, कुठे दुखलं, किती दुखलं, कशाने थांबलं. प्रेरणाने खूप वेळ ऐकलं. का विचारलं ते ती बोलली नाही.

कोकिळाने आंब्याच्या रंगाची साडी घेतली. ब्लाउज मापाचा शिवला, तिच्या स्वतःच्या मापाचा. मांडवात पाय टाकला तेव्हा बायांचं बोलणं एकदम खाली बसलं. आईने दुरून पाहिलं आणि पुन्हा अक्षता वाटायला लागली. एक आत्या मात्र जवळ येऊन, गोड आवाजात, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कोकिळे, खरं हाय का व, लोकं म्हणतात थे? आता या वयात कोनासाठी बाप्पा?"

"खरं हाय, आत्या," कोकिळा तिच्याहूनही मोठ्याने म्हणाली. फेरीवरचा आवाज, मांडवाच्या टोकापर्यंत गेला. "अन् कोनासाठी म्हणशीन तं माह्यासाठी. आनखीन कोनाले काही इचारायचं असन तं आत्ताच इचारून घ्या. मंग जेवाले बसतानी मले त्रास नोका देऊ."

आत्या अक्षतांच्या ताटाकडे सरकली.

मांडवाच्या कडेला, पाण्याच्या टाकीपाशी भगवानराव उभे होते. ती त्यांच्या पाया पडायला वाकली. बाबांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"दुखते का अजून?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. थंडीत ओढते कधी कधी."

"मंग घेत जाय गोळी," ते म्हणाले. "अंगावर नोको काढू."

तेवढ्यात फोटोवाल्याने नवरीकडच्यांना बोलावलं. अमर माणसं रांगेत लावत होता. बहिणीला पाहून त्याचा हात हवेतच थांबला, कुठे उभं करावं त्याला कळेना. मग त्याने मागच्या ओळीकडे बोट दाखवलं. कोकिळाने ते बोट पाहिलं, पदर खांद्यावर नीट लावून घेतला आणि पुढच्या ओळीत, भाचीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.